डब्यांच्या शेजारी आफ्रिका

आफ्रिकेत मी कधी गेलेले नाही. आमच्या घरातलं कुणी कामाशिवाय जळगावच्या पुढंही गेलेलं नाही. पण गेली तीन वर्षं मी आफ्रिका रोज चाळते, वाळवते आणि झाडून काढते. एकदा तर ती माझ्या चहातही पडली होती.

कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी या अंकासाठी माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, "सर, असं रिटायर झालेली माणसं लिहितात." सर म्हणाले, "त्यांना सगळं गोड आठवतं. तू अजून दमून घरी जातेस, तूच लिही." म्हणून लिहिते आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या असं शेवटी लिहिणार होते, पण ते वाक्य सरांनी आधीच खोडून टाकलं.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिथं लोहखनिज तपासतात, म्हणजे ज्या दगडापासून लोखंड काढतात तो दगड. आमचे मालक तरुणपणी आफ्रिकेतल्या खाणींवर नोकरीला होते. तिकडच्या ओळखींमुळं गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन, मॉरितानिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतून नमुन्याच्या पिशव्या आमच्याकडं येतात. सकाळी माझं कॉलेज असतं, भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. ते सुटलं की संध्याकाळपर्यंत इथं काम. राहायला पडेगावला, दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सोयगावहून निघताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली होती. "फी मी बघतो. शहरात राहायचं तुझं तू भागव. नाय जमलं तर गुमान घरी यायचं. रडायचं नाय." म्हणजे हे काम होतं तोवर शहर होतं, आणि शहर होतं तोवर कॉलेज. पुढं जे सांगणार आहे ते समजायला एवढं माहीत असलेलं बरं.

काम लागल्याचं सांगितलं तेव्हा अण्णांनी फोनवर ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "दगड तपासायला पगार देतेत?"

"हो अण्णा."

"आन् दगड कसा निघाला पायजे?"

मी त्यांना सोयगावच्या बाजाराची आठवण करून दिली. व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे बाहेर काढतो आणि त्यावरून सगळ्या पोत्याचा भाव ठरवतो. ती मूठ खरी निघाली पाहिजे. वरवरची चांगली ज्वारी हातात आली तर घेणारा फसतो, खालचा चुरा आला तर विकणारा. आमच्याकडंही तसंच. फक्त पोत्याच्या जागी अख्खा डोंगर असतो आणि मूठ माझ्याकडं येते.

"मंग नीट कर," अण्णा म्हणाले. "डोंगरवाल्याचं नुकसान नको."

पिशवी आली की दगड आधी यंत्राच्या जबड्यात फोडायचे. मग त्यांचा ढीग करायचा, तो थापून भाकरीसारखा पसरट करायचा, त्याचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत पोतंभर दगडाचं वाटीभर होतं, आणि ती वाटी पोत्यासारखीच असते. मग ते दळून पिठी करायची, ओव्हनमध्ये वाळवायची आणि वजन करून रसायनशाळेत द्यायची. दोन नमुन्यांच्या मध्ये दळायचं भांडं असं स्वच्छ करायचं की आधीच्या देशाचा कणही पुढच्या देशात जाता कामा नये.

हे मला शिकवलं रफीकभाईंनी. ते दळणाच्या खोलीचे प्रमुख. जुन्या शहरात राहतात आणि माणसांना गावाच्या नावानं हाक मारतात. त्यामुळं माझं नाव 'सोयगाव' पडलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक तबक निसटलं आणि लाल पिठी फरशीभर झाली. मी रडकुंडीला आले. रफीकभाई दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "आरं बापरे. गिनी सांडली. उचल आता, सोयगाव, न्हाईतर तिकडचा राष्ट्रपती फोन करंल."

राखून ठेवलेल्या दुसऱ्या वाट्यातून काम निभावलं. पण त्या दिवसापासून मला देश रंगांनी आठवायला लागले. दक्षिण आफ्रिकेचा दगड पोलादी करडा, चकाकणारा, हातात घेतला की मनगट खाली जातं. खरखरीत पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घासला की मात्र रेघ लाल उठते. मॉरितानिया वाळवंटातला, तिथल्या काही दगडांना लोहचुंबक चटकन चिकटतं, रेघ काळी येते. गिनीतून लाल दगडही येतो, पण गिनी आणि लायबेरियाच्या अगदी डोंगरमाथ्यावरचा दगड पिवळट तपकिरी, हळदीच्या जुन्या डब्यासारखा. या पिवळ्याच्या अंगात पाणी असतं. वाळवला तरी हवेतलं पाणी परत ओढून घेतो. हा पिवळा पुढं येणार आहे, त्याला लक्षात ठेवा.

हे सगळं आलं कुठून, तर समुद्रातून. फार फार पूर्वी समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. मग पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव प्राणवायू सोडायला लागले आणि त्या लोखंडाला गंज चढला. तो गंज थरावर थर तळाला बसला. आज आफ्रिकेत ज्याच्यावर खाणी चालतात तो डोंगर म्हणजे त्या समुद्राचा गाळ. वर्गात हे ऐकलं तेव्हा मी खिशातला नमुना चाचपून पाहिला होता.

आपल्याकडं तसं नाही. आपला काळा दगड लाव्ह्याचा. लोखंड त्यातही आहे, पण सगळीकडं थोडं थोडं पसरलेलं. काढायला गेलं तर परवडत नाही. परवडतं ते खनिज, नाही परवडत तो नुसता दगड. आमच्या धंद्याची सगळी व्याख्या एवढीच.

यावरून एक गिऱ्हाईक आठवतं. फर्दापूरकडचे एक म्हातारे बाबा एकदा टॉवेलात गुंडाळून दगड घेऊन आले. दगड काळा आणि जड होता. आमच्या मुख्य रसायनतज्ज्ञ कुलथे मॅडम त्यांना म्हणाल्या, "बाबा, इथं कंपन्यांचं काम चालतं." बाबा हलेनात. शेवटी मी फरशीवर घासून पाहिला, चुंबक लावून पाहिलं, मॅडमनी वेळात वेळ काढून पिठी तपासली. साधा आपला काळा पाषाण.

मला वाईट वाटलं. म्हटलं, इतक्या लांबून आशेनं आलेत. हळूच सांगितलं, "बाबा, हे खनिज नाही. यात फारसं लोखंड नाही."

"नाय?"

"नाही."

"पक्कं नाय?"

"पक्कं."

त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं आणि खुर्चीवर बसकण मारली. "लई बरं झालं बाई. एका शहाण्यानं सांगितलं, तुमच्या रानात लोखंड हाय, सरकार रान घेणार. म्हातारी चार दिस जेवली नाय." मग सीताफळांची पिशवी टेबलावर ठेवून, दगड परत टॉवेलात बांधून ते गेले. दगड का नेला असं रफीकभाईंनी विचारलं तर म्हणाले, "बांधावरचा हाय. जागंवर ठिवतो."

तोवर मला वाटायचं की खनिज सापडणं ही चांगली बातमी आणि न सापडणं वाईट. त्यानंतर पिशव्यांवरची डोंगरांची नावं वाचताना मी थोडी थांबायला लागले. त्या डोंगरापाशीही कुणी राहत असेल. त्यांना काय ऐकायचं असेल, ते पिशवीवर लिहिलेलं नसतं.

आता मुख्य गोष्ट.

आमच्यासारख्या प्रयोगशाळांचीही परीक्षा असते. एक संस्था एकाच खनिजाची पिठी अनेक प्रयोगशाळांना पाठवते. त्यात लोखंड किती ते सांगत नाही. सगळ्यांनी आपापलं उत्तर कळवायचं. ज्याचं उत्तर फार बाजूला पडतं तो नापास. ओळीनं दोनदा नापास झालं की मान्यता जाते, आणि मान्यता नसलेल्या प्रयोगशाळेकडं आफ्रिकेतून पिशवी येत नाही.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही नापास झालो. लोखंड कमी दाखवलं. थोडंच, पण कमी.

कुलथे मॅडमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी रसायनं बदलली. तराजू तपासायला माणूस बोलावला. पाणी बदललं. नापास झाला तो नमुना पिवळा होता, करडे नमुने मात्र बरोबर येत होते. त्यामुळं सगळी शंका पिठीवर आली. दुसरं काहीतरी मिसळलं असणार, वाळू, नाहीतर हलक्या प्रतीचा नमुना. परीक्षेची पिठी दळूनच येते, पण ती वाळवून, वजन करून द्यायचं काम आमच्याकडंच. म्हणजे दळणाची खोली. म्हणजे रफीकभाई आणि मी.

मॅडम एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, मी तुझ्यावर आरोप करत नाही. पण पुढच्या वेळीही असंच झालं तर मालक अर्धी माणसं कमी करणार. आणि अर्धवेळवाले आधी."

अर्धवेळ मी एकटीच होते.

घरी सांगितलं नाही तर अचानक परत जावं लागलं असतं, म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, "बरं. कॉलेजची परीक्षा दे. मे महिन्यात येतो पिशवी घिऊन. राहिलं तर राहिलं, नाय तर सामान आणू." आवाजात राग नव्हता. त्यानंच जास्त लागलं.

त्या दिवसांत आम्ही सगळेच एकमेकांकडं जरा तिरकं बघत होतो. मी भांडं तीनतीनदा पुसायचे. रफीकभाई मी पुसलेलं भांडं परत पुसायचे. हसणं बंद झालं होतं.

मग दुसऱ्या परीक्षेची पिठी आली. पुन्हा पिवळी. तेव्हा रमजान चालू होता.

इथं आमच्या प्रयोगशाळेची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं निम्मी माणसं मुसलमान, निम्मी हिंदू. रमजानमध्ये रफीकभाई आणि त्यांची मंडळी रोज्यावर असतात, तेव्हा आम्ही बाकीचे त्यांच्यासमोर जेवत नाही. कुणी तसा नियम केलेला नाही. डबे घेऊन मागच्या जिन्यात जायचं, गारच खायचं आणि हात धुऊन परत यायचं. रफीकभाई म्हणतात, "आरं खा की इथंच, मी काय तुमच्या वांग्याकडं बघून रोजा मोडनार हाय व्हय?" तरी आम्ही जिन्यातच बसतो.

रमजानमध्ये मॅडमनी पिठी तपासली. उत्तर आलं. पण त्यांचा त्यावर विश्वास बसेना. मुदत संपायला वेळ होता, म्हणून ईद झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा सुरुवातीपासून करायचं ठरवलं. रफीकभाईंनी घरून आणलेला शीरखुर्मा आम्ही सगळ्यांनी खाल्ला आणि पिठी नव्यानं वाळवून दिली.

उत्तर पहिल्यापेक्षा कमी आलं.

एकच पिठी, एकच माणूस, तीच रसायनं आणि दोन उत्तरं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक पाठवायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "यातलं खरं कुठलं हे मला सांगता येत नाही. असं मी कधी म्हटलेलं नाही आयुष्यात." आणि त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा करायचं ठरलं. पिठी ओव्हनमध्ये ठेवलेली. दुपारी जेवायच्या सुट्टीत ती काढायला मी दार उघडलं आणि मला काही दिसेना. चष्म्यावर वाफ धरली होती.

चष्मा ओढणीला पुसताना मला वाटलं, हे पूर्वी रोज व्हायचं. मग महिनाभर झालं नाही. काल परत झालं आणि आज परत. गरम ओव्हनमधून कोरडी हवा यायला पाहिजे, वाफ कशाची?

चष्मा लावून बघितलं. खालच्या फळीवर पिठीची तबकं. वरच्या फळीवर डबे. दहा-बारा डबे, एकावर एक. माझाही होता. झाकणांच्या कडेनं वाफ येत होती. आणि पिठीला, तुम्ही हसाल, भरताचा वास येत होता.

हे डबे कधीपासून तिथं ठेवले जात होते कुणास ठाऊक. मी आले तेव्हापासून तरी होते. ओव्हन चालूच असतो, मग डबा गार का खायचा, इतका साधा विचार. वर डबे लवकर गरम व्हावेत म्हणून ओव्हनच्या डोक्यावरच्या वाफ जाण्याच्या भोकात कुणीतरी चिंधीचा बोळा बसवलेला. वरणाची, आमटीची सगळी वाफ आतच कोंडत होती, आणि तसल्या दमट हवेत आम्ही पिठी वाळवत होतो. करड्या दगडाला फरक पडत नव्हता. पिवळ्याच्या अंगातलं पाणी मात्र पुरतं निघतच नव्हतं. ओली ज्वारी मापात घातली तर पाण्याचंही वजन भरतं. तसं आमच्या वजनात पाणी भरत होतं आणि तेवढं लोखंड कमी दिसत होतं. रमजानमध्ये डबे जिन्यात होते, म्हणून तेवढा महिना आमची पिठी कोरडी होती.

हे मला एका दमात समजलं असं नाही. मी आधी नुसतीच ओरडले, "मॅडम! डबे!"

मॅडम धावत आल्या. त्यांना वाटलं आग लागली. मी सांगायला लागले आणि अडखळले, कारण मी कोण सांगणारी? पण त्यांनी बोळा बघितला, डबे बघितले. रफीकभाई मागून डोकावले.

"हा बोळा कुणी घातला?" मॅडमनी विचारलं.

"मी घातला," रफीकभाई म्हणाले. "आपल्याला आमटी कढत लागते म्हनून. तो वरचा मोठा डबा कुनाचा हाय, मॅडम?"

वरचा मोठा डबा मॅडमचा होता.

किती दिवसांनी आम्ही हसलो ते सांगता येणार नाही. मॅडम तर ओव्हनला टेकून हसत होत्या. मग एकदम सरळ झाल्या. "काढा सगळं. वेळ नाही."

डबे बाहेर निघाले, बोळा निघाला, दार उघडं ठेवून ओव्हन कोरडा केला आणि पिठी परत आत गेली. मुदत दुपारची होती. मॅडमनी त्या संस्थेला फोन करून अडचण सांगितली आणि संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला. त्या दिवशी कुणी जेवलं नाही. उत्तर आलं तेव्हा मॅडमनी मला जवळ बोलावलं आणि कागद न दाखवताच म्हणाल्या, "रमजानचं उत्तर." तेच पाठवलं.

निकाल यायला बरेच आठवडे गेले. माझी परीक्षा झाली. अण्णा ठरल्याप्रमाणे आले. आम्हा मुलींच्या खोलीवर कसं यायचं, म्हणून थेट प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन लिंबाखाली बसले. हातात मोठी रिकामी पिशवी, माझ्या सामानासाठी. निकाल अजून आलेला नव्हता. मी म्हटलं, "अण्णा, संध्याकाळपर्यंत थांबू या." ते म्हणाले, "थांबू. एश्टी हाय शेवटची."

जेवायच्या वेळी रफीकभाईंनी त्यांना आत आणलं. ओव्हनचे डबे तेव्हा कायमचे बंद झाले होते, सगळे जिन्यात बसून गारच खायचे. अण्णा पण जिन्यात बसले, आमच्यात. त्यांनी भाकरी काढली, रफीकभाईंनी कबाब पुढं केला, तो त्यांनी हात जोडून नाकारला आणि चटणी मात्र मागून घेतली. एवढ्यात मॅडम वरच्या पायरीवर आल्या. हातात मोबाईल होता. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, अण्णांकडं बघितलं.

"काका, ती पिशवी परत न्यावी लागेल."

अण्णांना कळलं नाही. "म्हंजी?"

"पास झालो. मुलगी राहणार."

"राहिली?"

"राहिली."

अण्णांनी तोंडातला घास गिळला, पाणी प्यायलं, टॉवेलानं तोंड पुसलं आणि नुसतं "बरं झालं" म्हणाले. मला फर्दापूरच्या बाबांची आठवण आली. तसाच टॉवेलानं पुसलेला चेहरा.

जायच्या आधी ते म्हणाले, "ती आफ्रिका दाखव की एकदा." फेकून द्यायच्या ढिगातली गिनीची लाल पिठी मी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चोळली, वास घेतला. "आपल्या वरच्या बरडासारखी हाय," म्हणाले. "पर जड लई."

"काका, डोंगर हाय त्यो," रफीकभाई म्हणाले. "संबाळून."

नळाखाली त्यांनी हात दोनदा धुतले, पण रेघांमधला लाल रंग गेला नाही. तसाच हात हलवत ते रिक्षात बसले. मांडीवर ती पिशवी होती. त्यात माझं एकही सामान नव्हतं.